दीडशे फुटांचा कडा उतरून आले, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

गेले चार महिने झोप म्हणजे नुसतं कुशी बदलणं चालू होतं. डेडलाइन, रात्री अकराला येणारे मेसेज, घरचं सगळं, आणि यातलं एकही काम 'झालं एकदाचं' म्हणायला मिळत नाही हा खरा त्रास. माझी मैत्रीण अधूनमधून रॅपलिंगला, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरायला जाते, ती म्हणाली चल, किती दिवस कुढत बसणार आहेस. गेले.

पहाटे निघालो, दीडेक तास चढून वर पोचलो. कडा कोरडा, साधारण दीडशे फूट, सुरुवातीला जरा तिरका आणि मग सरळ खाली. आधी एका पंधरा फुटी खडकावर सराव करून घेतला. जिथे असा सराव घेत नाहीत तिथे दोराला हात पण लावू नका, माझं अगदी स्पष्ट मत आहे. हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, कमरेच्या हाडाच्या वर घट्ट बसायला हवा, खाली घसरला तर उलटं होण्याची भीती असते. कॅराबिनरचं (दोर आणि हार्नेस जोडणारी धातूची कडी) लॉक स्वतः दाबून बघायचं, ट्रेनरने बघितलं असलं तरी. आणि मुख्य दोराशिवाय दुसरा सेफ्टी दोर आहे का, तो वेगळ्या अँकरला (दोर बांधायचा पक्का आधार) बांधलाय का हे सरळ विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही. केस लांब असतील तर वेणी घालून टीशर्टच्या आत टाका आणि टीशर्ट पण खोचा, कारण डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून हळूहळू सरकतो ते साधन) केस किंवा कपडा अडकला की मधेच लटकायची वेळ येते.

सगळ्यात वाईट म्हणजे वाट बघणं. माझा नंबर अकरावा होता, दोन तास बसून भीती नुसती साठत गेली. शक्य असेल तर पहिल्या तिघांत नंबर लावा. त्या वेळात ट्रेनरने सांगितलं की रॅपल हा मूळ फ्रेंच शब्द, परत बोलावणं असा अर्थ, कारण खाली उतरल्यावर दोर ओढून परत घेता येतो, आणि १८७९ साली आल्प्समधल्या पेटी द्रू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या शार्ले-स्ट्रातों नावाच्या गाइडला या तंत्राचं श्रेय देतात. हे ऐकताना तेवढी पाच मिनिटं पोटातला गोळा विसरले होते.

मग नंबर आला. तोंड खडकाकडे आणि पाठ दरीकडे करून मागे रेलायचं असतं, आणि शरीर ऐकतच नाही. गुडघे वाकवून खडकाला चिकटलं की पाय घसरतात, पाय ताठ ठेवून सगळं वजन दोरावर टाकलं की तळवे खडकावर नीट बसतात, हे डोक्याला पटतं पण पायांना पटायला वेळ लागतो. मी डाव्या हाताने वरचा दोर इतका आवळला होता की बोटं बधिर झाली. वरून आवाज आला, "ताई, डावा हात सैल करा, तो फक्त तोलाला आहे. उजवा काही झालं तरी सोडायचा नाही." उजवा म्हणजे ब्रेकचा हात, कमरेच्या मागे. डावा सैल केला आणि तेव्हा कुठे नाकासमोरच्या भेगेतलं नेच्याचं बारकं रोप दिसलं, त्याच्या पानावर पाण्याचा एक थेंब. त्यानंतर डोक्यात फक्त पुढचं पाऊल, दुसरं काही नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा.

अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो. मीटिंगच्या आधी पण हेच होतं, पण तिथे ते सगळं पोटात घेऊन खुर्चीत बसून राहावं लागतं, इथे हातापायांना काम असतं आणि दहा मिनिटांनी पाय जमिनीला टेकतात. भीतीला शेवट असतो हो, मला नेमकं तेच हवं होतं. खाली आल्यावर मी रडले, मैत्रीण शांतपणे शेजारी बसून राहिली.

त्या रात्री सलग सात तास झोपले. तीन-चार दिवस हलकं वाटलं, मग काम होतं तसंच होतं. म्हणून सांगते, झोप महिनोन्‌महिने उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, मी पण आता समुपदेशकाकडे जायला लागलेय. ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, पाठीचं दुखणं, नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका. आणि पुढच्या वेळी याहून उंच, मग त्याहून उंच असं सुरू होतंय असं वाटलं तर थांबा, मी पुन्हा याच उंचीचा कडा करणार आहे.

हातमोजे, पकड चांगली असलेले बूट, दोन लिटर पाणी, हलकं खाणं एवढं पुरतं. उतरल्यावर पाय बराच वेळ थरथरतात, लगेच परत निघू नका. आणि येताना गाडी स्वतः चालवायची नाही, कोणीतरी न उतरलेला माणूस बरोबर ठेवा.