टिकल्यांचं पिस्तूल आणि एक जानेवारी

वसईत आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, एक जानेवारीची संध्याकाळ शांतता दिनाची. आदल्या रात्रीच्या मिस्सेनं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनं, आणि नंतरच्या बँडनं डोळे तारवटलेले असायचे, तरी चार वाजले की युवक मंडळाची पोरं आवारात सतरंज्या झटकायला हजर. नाताळचा गोठा तसाच असायचा. बाळ येशूला भेटायला निघालेले तिन्ही राजे अजून वाटेवरच, गवतात कुठेतरी अडकलेले.

पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून हा दिवस नेमून दिला आणि त्यासाठी दरवर्षी पोपचा एक संदेश येतो, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी शांतता दिन म्हणजे टोपली. शाळेच्या एका सिस्टरची ती कल्पना. दिवाळीत घेतलेली टिकल्यांची पिस्तुलं वेदीच्या पायरीवरच्या टोपलीत टाकायची, बदल्यात सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी मिळायची. सौदा वाईट नव्हता. त्या वयात पिस्तुलाचा घोडा डिसेंबरपर्यंत टिकतोच कुठे?

१९८८ साली माझ्याकडे दोन पिस्तुलं होती. स्प्रिंग गेलेलं मी टोपलीत टाकलं, धडकं घरी तांदळाच्या पिंपात पुरून आलो. पुडी सोडून खायला लागलो तर फादरांचं भाषण सुरू. तीन आठवड्यांपूर्वी, ८ डिसेंबरला, अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत रशियाचे गोर्बाचेव यांनी वॉशिंग्टनला करारावर सह्या केल्या होत्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची सगळी क्षेपणास्त्रं मोडायची. "आणि नुसता शब्द नाही," फादर म्हणाले, "दोघांची माणसं एकमेकांच्या घरात जाऊन मोजणार." माझा घास घशातच अडकला. आता फादर आमच्या घरी येणार, पिंपात हात घालणार, अशी खात्रीच झाली. फादर आले नाहीत. १९९१ पर्यंत त्या दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली. माझं एक मात्र ईस्टरला तांदूळ काढताना आईच्या हाताला लागलं.

फादरांनंतर आजोबा. त्यांची दहा मिनिटं ठरलेली आणि गोष्टही ठरलेली, डिसेंबर १९६४ची. मुंबईत अडतिसावी युखॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, भरली होती, आणि पोप, तेच सहावे पॉल, हिंदुस्थानात येण्याची ती पहिलीच वेळ. आजोबा धुतलेला सदरा घालून विरार लोकलनं चर्चगेटला उतरले, समोर ओव्हल मैदान माणसांनी फुललेलं. पोप दिसले का? "पांढरा ठिपका दिसला," आजोबा प्रामाणिकपणे सांगायचे. मग काठी आपटायचे. "शस्त्रांवरचा पैसा काढा आणि गरिबांना द्या, हे पोपनी सगळ्या राज्यांना कुठे सांगितलं? रोमात नाही. आपल्या मुंबईत!" मागच्या रांगेतली पोरं हे वाक्य त्यांच्याबरोबर ओठ हलवून म्हणायची, काठीसकट.

पुढे कॉलेजात असताना मी ते मूळ निवेदन शोधून वाचलं. ते ४ डिसेंबरचं, आणि पोपनी ते पत्रकारांच्या हाती सोपवलं होतं, जगापर्यंत पोहोचवा म्हणून. म्हणजे आजोबांनी ते मैदानात ऐकलेलं नसणार, पेपरात वाचलेलं असणार. पण काठी आपटायची जागा बरोबर होती. १९६७च्या विकासावरच्या विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या चर्चला लिहिलेल्या पत्रात, पोप स्वतःच आठवण देतात, की लष्करी खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरीब राष्ट्रांसाठी जागतिक निधी उभारा, असं मी मुंबईत म्हटलं होतं. पेपराचं मी आजोबांना कधी बोललो नाही.

वाचन ठरलेलं, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं. तलवारींचे फाळ, भाल्यांचे कोयते. आजोबांचा जन्म केळीच्या वाडीत गेलेला, त्यामुळे ही ओळ त्यांना उपमा वाटायचीच नाही. पोलाद कोणतं, धार किती टिकेल, यावर ते शेजाऱ्याशी कुजबुजायचे. एका वर्षी फादरांनी पूर्व जर्मनीतली गोष्ट सांगितली. तिथल्या चर्चमधली तरुण पोरं याच वचनाचा कापडी बिल्ला बाहीवर शिवून फिरायची. पोलीस तो कापून घ्यायचे. मग पोरं बाहीला गोल भोक तसंच ठेवून हिंडायची. ते भोक माझ्या मनातून गेलं नाही. आम्ही तिघाचौघांनी जुन्या शर्टांना कात्री लावली आणि घरी मार खाल्ला.

सगळीच वर्षं गोड नव्हती. मे १९९८मध्ये पोखरणचे स्फोट झाले तेव्हा नाक्यावर पेढे वाटले गेले, आमच्या मंडळाच्या पोरांनीही खाल्ले. मीही खाल्ला. पुढच्या एक जानेवारीला बाँबवर नाटुकलं बसवलं, तर मधेच एक मित्र उभा राहिला. "देशाच्या बाँबविरुद्ध चर्चच्या आवारात बोलायचं? लोक आधीच आपल्याला परके म्हणतात." त्याचं अगदीच चुकत नव्हतं. आठवड्यापूर्वीच, ऐन नाताळात, गुजरातेत डांगला चर्चं जाळली गेली होती. सगळे गप्प. शेवटी आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "पोपनी कुठल्या राज्याचं नाव घेतलं नव्हतं. सगळ्यांना म्हणाले. त्यात आपण आलो." चहाच्या किटल्या आल्या म्हणून सुटका झाली. तो मित्र आणि मी ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत बोललो नाही.

आजोबा त्यानंतर थोडीच वर्षं होते. २०१७च्या संदेशात गांधीजी आणि खान अब्दुल गफार खान यांची नावं आली, त्याच वर्षी व्हॅटिकननं अण्वस्त्रबंदीच्या करारावर सही केली. २०१९ला पोप फ्रान्सिस हिरोशिमात म्हणाले, अण्वस्त्रं बाळगणंसुद्धा अनैतिक. आजोबांनी काठी आपटली असती.

यंदाचा संदेश पोप चौदावे लिओ यांचा. शांती कशी? तर निःशस्त्र, आणि समोरच्यालाही निःशस्त्र करणारी. दुसऱ्या शब्दाला मराठी काय द्यावं यावर मंडळाच्या बैठकीत तासभर गेला. 'समोरच्याचे हात खाली आणणारी' असं एका मुलीनं सुचवलं, मला तेच आवडलं होतं, पण फलकावर मावलं नाही.

टोपली अजून ठेवतात. यंदा माझा पाच वर्षांचा भाचा रांगेत होता, हातात हिरवी प्लॅस्टिकची पिचकारी.

"फादर, ही पाण्याची आहे. चालेल?"

"चालेल," फादर म्हणाले. "आधी पाणी ओत."

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ओतलं ते माझ्या बुटावर.