घोटीहून एक जण परतला

नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत भरते. आम्ही वसईहून चालत निघतो, कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी. पुढे टेम्पो, त्यात पाण्याचे जार, सतरंज्या, मोठी पातेली आणि टपावर बांधलेला कर्णा. पहाटे अंधारातच रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते. ‘नमो मरिये’ अर्ध्यावर येतं आणि शेजारून ट्रेलर जातो. उरलेली प्रार्थना आपण आपल्याच अंदाजाने पुरी करायची.

इकडच्या लोकांना पायी चालणाऱ्यांचं नवल नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येऊन गेलेल्या असतात. इगतपुरीच्या पुढे एका टपरीवाल्याने गळ्यातल्या जपमाळा बघूनही “घ्या माऊली, आल्याचा आहे” म्हणत ग्लास पुढे केले. पैसे घेतले नाहीत. आमच्यातल्या एका मावशींना ‘माऊली’ म्हणवून घ्यायला जरा अवघडल्यासारखं झालं, पण चहा त्यांनी दोनदा घेतला.

घोटीच्या मुक्कामी माझ्या टाचेला फोड आला होता. अशा फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवतात, म्हणजे पाणी निथळत राहतं आणि कातडी सुटत नाही. ते काम चाललं असतानाच आमच्यातला एक कॉलेजातला मुलगा काकांसमोर येऊन उभा राहिला. काका म्हणजे आमचे म्होरके, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले.

“काका, मला पुढे नाही यायचं.”

“पाय दुखतायत?”

“नाही. नवस आईने केलाय. मला त्यातलं काही वाटत नाही.”

मावशी भडकल्याच. अर्ध्या वाटेवरून कोणी परततं का, बाळ येशू रागावेल, आईला काय वाटेल. काका शांतपणे म्हणाले, “नवस आईचा, पाय त्याचे. आणि बाळ येशू रागवायला काय आपल्यासारखा आहे?” मग ते स्वतः त्याच्याबरोबर स्टँडवर गेले, ठाण्याच्या गाडीत त्याला बसवलं, “कसाऱ्याला उतर, लोकल मिळेल” म्हणून सांगितलं आणि ड्युटीवरच्या कंडक्टरला चार सूचना देऊन आले. जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी टोळीत हाच विषय. मला मात्र राहून राहून बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय आठवत होता. पाच हजारांना भाकरी मिळाली तेव्हा गर्दी मागे लागली. पुढे शिकवण जड जाऊ लागली तसे बरेच शिष्य निघून गेले. येशू त्यांच्यामागे धावला नाही. उलट उरलेल्या बारा जणांना त्याने विचारलं, तुम्हालाही जायचंय का? दार बंद करायच्या वेळी त्याने ते आणखी थोडं उघडलं. त्या बारांतल्या पेत्राचं उत्तरही काही फार शूर नाही. आम्ही कोणाकडे जाणार, असं तो म्हणतो. पण ते उत्तर दार उघडं असताना दिलेलं आहे, आणि माझ्या लेखी त्यातच सगळं आलं.

आमच्या वसईत हे जरा नाजूक प्रकरण आहे. पोर्तुगीज 1534 मध्ये आले. आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा किती राजीखुशीने झाला आणि किती दडपणाखाली, यावर घराघरांत वेगवेगळं ऐकायला मिळतं. बळजबरी झालीच नाही असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राजा गेला, फौज गेली, धर्माला चिकटून राहण्यात काडीचा फायदा उरला नाही. काही जण जुन्या धर्मात परत गेले, बरेच राहिले. त्या राहिलेल्यांचं मला जास्त कौतुक आहे. त्यांच्या आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा कसाही झालेला असो, त्यांचा खरा होकार मी त्या सालापासून धरते.

माझा स्वतःचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यावर शिक्कामोर्तब करणारा पुढचा संस्कार, अख्ख्या वर्गाबरोबर. विचारलं कोणी नाही. पुढे काही वर्षं मी मिस्साला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाणंच सोडलं. आमच्याकडे रविवारी बाकावर कोण नव्हतं याची नोंद फादरांपेक्षा शेजारणी चोख ठेवतात, पण त्या धाकाने मी परत गेले नाही. आजारपण नाही, साक्षात्कार नाही. एवढंच झालं की शुभवर्तमानातल्या त्या माणसाइतकं दुसरं कोणी मला पटलं नाही.

विल्होळी मागे टाकली, पांडवलेणीचा डोंगर दिसू लागला, आणि कोणीतरी ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा विषय काढला. त्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, कडक सोवळ्यात वाढलेल्या. नवरा, रेव्हरंड टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. बाई त्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. आधी वेगळ्या राहिल्या, मग एका घरात राहूनही आपलं सोवळं सांभाळत राहिल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. आधी जातीभेद त्यांच्या स्वतःच्या मनातून गळून पडला आणि मग, सुमारे पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘नवऱ्यामुळे बाटली’ म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षं हिशेबात धरलेलीच नसतात.

मावशी म्हणाल्या, “एवढी वर्षं देवाला ताटकळत ठेवायचं?”

“ठेवलं ना,” काका म्हणाले. “आणि तो थांबला.”

पाथर्डी फाट्यावरून नाशिकरोडकडे वळलो तेव्हा ऊन चढलं होतं. मंदिराच्या आवारात रांगा, मेणबत्त्या, कडेवरची पोरं. नवसाला मी तुच्छ लेखत नाही. कुशीतलं मूल तापाने फणफणत असेल तर आई देवाशी घासाघीस करणारच. फक्त मागितलेलं मिळालं नाही की ज्यांचं येणं थांबतं, त्यांचं नातं देवाशी होतं की कामाशी, असा प्रश्न मला पडतो. यंदा मी काहीच मागायला आले नव्हते, त्यामुळे रांगेत जरा मोकळी होते.

मावशींनी आपल्या मेणबत्त्यांबरोबर एक जास्तीची घेतली. त्या परतलेल्या मुलाच्या नावाने लावणार म्हणाल्या.

“त्याला विचारलंत?” काकांनी विचारलं.

मावशींनी रांगेतूनच फोन लावला. तो क्लासला निघाला होता. “लावा,” म्हणाला, “पण माझ्या नावाने नको, आईच्या नावाने लावा.” मावशी पुटपुटल्या, पण लावली आईच्याच नावाने.