पालखीतली देवी, काचेमागची देवी

चेन्नईत एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात चोळकालीन कांस्यमूर्ती पाहताना पार्वतीसमोर माझे लक्ष आधी चेहऱ्याकडे नव्हे, तर पायाखालच्या बैठकीकडे गेले. अशा मूर्तींच्या बैठकीला भोके किंवा कड्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांतून दांडे ओवून देवीला मिरवणुकीस काढले जाते. गाभाऱ्यातली दगडी मूलमूर्ती जागची हलत नाही, म्हणून ही धातूची उत्सवमूर्ती.

मी धाराशिव जिल्ह्यातला. आमच्या तुळजापुरात भवानीची पाषाणमूर्ती स्वतःच चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निद्रेस नेली जाते आणि दसऱ्याला, अंगाभोवती साड्या गुंडाळून, पालखीत बसवून सीमोल्लंघनास निघते. त्यामुळे देवीला भोई लागतात, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

काचेमागच्या पार्वतीची त्रिभंगात, म्हणजे शरीर तीन ठिकाणी वळवलेल्या पवित्र्यात, लवलेली कंबर आणि मांड्यांवरच्या वस्त्राच्या चुण्या आपण निवांत न्याहाळतो. देवळात मात्र हे सारे रेशमी वस्त्रांखाली आणि हारांखाली झाकलेले असते. डावा हात सैल सोडलेला, ज्याला शिल्पशास्त्रात लोलहस्त म्हणतात. उजव्याची बोटे अशी वळवलेली की मधल्या पोकळीत ताजे फूल खोचता यावे. संग्रहालयात ती पोकळी रिकामीच होती, आणि मला ते खटकले.

मूर्ती तमिळ देशातली असली, तरी ओतकामाची कृती सविस्तर सांगणारा 'मानसोल्लास' हा ग्रंथ आमच्या शेजारचा. बाराव्या शतकात तो रचणारा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा कल्याणीचा, म्हणजे उमरग्याच्या पलीकडच्या बसवकल्याणचा. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप एकावर एक देऊन ते सावलीत वाळवायचे, मग तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच देवी. मेण आधीच तोलून ठेवायचे, म्हणजे धातू किती लागेल ते कळते: तांबे किंवा पितळ त्याच्या ८ पट, चांदी १२ पट, सोने १६ पट. तांबे मेणाच्या साधारण ९ पट जड असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जुन्या तराजूचे कौतुक वाटते.

दक्षिणेत मूर्ती बहुधा भरीव ओतत, त्यामुळे कमरेएवढी देवीही एकट्यादुकट्याला उचलत नाही. बैठकीतल्या त्या भोकांचे कारण हेच.