आमची वाटचाल: लॅम्पशेडपासून ट्रॉम्बोनच्या बझ म्यूटपर्यंत

आमचं वर्कशॉप पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आहे, एक गाळा, दोन स्पिनिंग लेथ, एक जुना टर्निंगचा लेथ आणि मागच्या बाजूला पॉलिशचा बफ. काम मेटल स्पिनिंगचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं गोल सर्कल घ्यायचं, लेथवर फॉर्म्याला, म्हणजे साच्याला, टेकवून फिरवायचं आणि लांब दांड्याच्या हत्याराने रेटत रेटत पत्रा फॉर्म्यावर बसवायचा. वेल्डिंग नाही, जोड नाही, सपाट पत्र्यातून सरळ शंकू किंवा वाटी तयार होते. बाबांनी सुरू केलं तेव्हा लॅम्पशेड, फनेल, कॅनची झाकणं, देवळांचे छोटे कळस असं जे येईल ते करायचे. मी बीकॉम करून हिशेब बघायला म्हणून यायला लागले आणि मग इथलीच झाले.

लॅम्पशेडचं काम नंतर पार कमी झालं, कारण एलईडीच्या तयार फिटिंग आल्या आणि त्यात स्पिनिंगचा पत्रा लागतच नाही. जॉबवर्क होतं पण त्यात दर समोरचा ठरवणार, पेमेंट समोरच्याच्या सोयीने येणार. स्वतःचं म्हणावं असं एक तरी प्रॉडक्ट हवं हे घरात रोज बोलणं व्हायचं. ते प्रॉडक्ट ट्रॉम्बोनचा म्यूट असेल असं मात्र कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ट्रॉम्बोन म्हणजे पितळेचं फुंकवाद्य, त्याची एक नळी, स्लाइड, पुढेमागे सरकवून सूर बदलतात, आणि म्यूट म्हणजे त्याचा आवाज बदलायला लावायची वस्तू.

झालं असं की एक ट्रॉम्बोन वाजवणारे गृहस्थ विचारत विचारत आमच्याकडे आले. मूळचे गोव्याचे, मुंबईत आणि पुण्यात जॅझ बँडमध्ये, शोमध्ये वाजवतात. त्यांच्या पिशवीत एक जुना अमेरिकन फायबरचा म्यूट होता, कडा झिजलेल्या, कॉर्क सुटलेलं, आणि त्यातला पातळ पडदा कधीच फाटून गेलेला. म्हणाले, "ताई, धातूत असं काही करून मिळेल का? बाहेरून मागवायचं म्हणजे किमतीपेक्षा भाडं आणि ड्यूटीच जास्त, आणि आला तरी पडदा फाटला की परत तेच." मी म्हटलं सर, आधी हे वाजतं कसं ते ऐकवा. त्यांनी गाळ्यातच ट्रॉम्बोन जोडला आणि एक जुना बटर पेपर लावून वाजवून दाखवलं. तो आवाज ऐकून दोन्ही लेथ बंद करून सगळे जवळ आले. पितळी वाद्याचा सूर तोच, पण त्याला एक झिणझिण चिकटलेली, मधमाशी आत कोंडल्यासारखी.

आता थोडं म्यूटबद्दल, कारण आमच्या गिऱ्हाइकांत बरेच जण नवशिके असतात. म्यूट म्हणजे बेलच्या, वाद्याच्या पुढच्या फुललेल्या भोंग्याच्या, तोंडात बसवायचा शंकू. सगळ्यात साधा तो स्ट्रेट म्यूट, रुंद बाजूने बंद, अरुंद बाजूला कॉर्कच्या तीन पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या फटीतून आवाज बाहेर येतो. त्यात खालचा भरदार भाग कापला जातो आणि वरचा टोकदार भाग उरतो, म्हणून आवाज नुसता बारीक होत नाही तर त्याचा पोतच बदलतो. जॅझवाल्यांनी हे फार पुढे नेलं. अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात १९२६ पासून ट्रिकी सॅम नँटन नावाचा ट्रॉम्बोनवादक होता, तो बेलमध्ये ट्रम्पेटचा छोटा म्यूट घालायचा आणि वर मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर हाताने उघडझाप करायचा, आणि ट्रॉम्बोन माणसासारखा बोलायचा. १९४६ ला गेला तो, पण ट्रॉम्बोनवाले आजही त्याचं नाव आदराने घेतात. शिकागोत डान्स हॉल चालवणाऱ्या पॅडी हार्मनच्या नावाचा हार्मन म्यूट पण १९२० च्या दशकातलाच. बझ म्यूट याच कुटुंबातला, अमेरिकेत ह्यूम्स अँड बर्ग कंपनीचा बझ-वाउ नावाचा म्यूट सगळ्यांना माहीत आहे. त्यात काझूसारखा, म्हणजे तोंडात धरून गुणगुणायच्या छोट्या वाद्यासारखा, पडदा असतो, हवेच्या दाबाने तो थरथरतो आणि मूळ सुरावर आपली झिणझिण चढवतो.

काझूचं मला विशेष कौतुक आहे कारण तो आमच्याच धंद्यातला, पत्र्याचा. वॉरन फ्रॉस्टचं काझूचं पेटंट १८८३ चं, बफेलोच्या जॉर्ज स्मिथचं धातूच्या काझूचं पेटंट १९०२ चं, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ईडन गावात १९१६ पासून पत्र्याचे काझू दाबून बनवायला लागले. पत्रा कापा, वळवा, वर एक छोटी चिमणी, म्हणजे धुराड्यासारखी आखूड नळी, चिमणीत पडदा, बस. एवढ्याशा वस्तूवर एक कारखाना उभा राहिला हे वाचून मला फार धीर आला होता.

आणि झिणझिण आपल्याला काही परकी नाही. तानपुऱ्याची जवारी म्हणजे दुसरं काय आहे, घोडीवर तार अशी टेकवायची की ती जरा घासून बोलली पाहिजे, आणि खाली सुताचा दोरा सरकवून ते नेमकं आणायचं. मिरजेचे कारागीर हे काम कानाने करतात. आपल्याकडे न्यासतरंग नावाचं एक वाद्य होतं, तुतारीच्या आकाराची पितळेची जोडी, ती गळ्याला टेकवून आत घुमायचं आणि त्यातला कोळ्याच्या कोषाचा पातळ पडदा झिणझिणायचा. कलकत्त्याचे कालीप्रसन्न बॅनर्जी एकोणिसाव्या शतकात ते वाजवण्यासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे पितळ आणि पडदा ही जोडी इथलीही आहे, आणि हे कळल्यापासून मी हे काम जास्त मनापासून करते.

धातूचं काम आम्हाला जड गेलं नाही. आमच्याकडे एक मामा आहेत, बाबांच्या वेळेपासूनचे, त्यांनी सागाचा फॉर्मा स्वतः उतरवला. शंकू साधारण १० इंच लांब आणि अरुंद, एवढा खोल शंकू एका दमात निघत नाही, पत्रा ताणून ताणून कडक होतो आणि मग कडेला चिरतो. म्हणून मध्ये काढून तापवून मऊ करावा लागतो. ॲल्युमिनियमचा त्रास असा की ते लोखंडासारखं लाल होऊन सांगत नाही, सरळ वितळून खाली बसतं. मामा काय करतात, पत्र्यावर धुण्याच्या साबणाची एक रेघ ओढतात आणि खालून ज्योत फिरवतात. रेघ आधी पिवळट होते, मग तपकिरी, मग काळी पडली की ज्योत बाजूला. हात लावायची घाई नाही, गार होऊ द्यायचं आणि परत लेथवर. एका म्यूटला हे दोनदा तरी होतं. तळ वेगळा स्पिन करतो आणि कडा वळवून शंकूवर बसवतो. जाडी आम्ही मुद्दाम कमी ठेवली, कारण वाजवणाऱ्याचा सगळा भार डाव्या हातावर असतो, उजवा हात स्लाइडवर, आणि बेलच्या टोकाला वजन वाढलं की डावं मनगट भरून येतं. तासभर वाजवून बघितल्याशिवाय हे कळत नाही, कागदावर तर मुळीच नाही.

खरा जीव पडद्यात आहे. पहिली गोष्ट जागा. बाजूला भोक पाडून चिमणी काढायची की तळाला? आम्ही दोन्ही करून बघितलं आणि तळ पक्का केला, कारण शंकूच्या बंद टोकाशी हवेचा दाब चांगला मिळतो, पडदा हळू वाजवतानाही जागा होतो, आणि दुसरं म्हणजे म्यूट बेलमध्येच ठेवून पुढून पडदा बदलता येतो. मग मटेरियल. बटर पेपर लावला की आवाज गोड येतो, पण श्वासाची वाफ लागून तो थोड्या वेळात ओला होतो आणि लोळागोळा. ट्रेसिंग पेपर जरा जास्त टिकतो पण कडक, मोठ्याने वाजवलं तरच बोलतो. किचनमधली क्लिंग फिल्म ताणली की लांबते आणि मग तशीच लांबलेली राहते. शेवटी पॅकेजिंगवाल्यांकडे मिळणारी १२ मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म घेतली, तिला ओलाव्याचं काही नाही, फाटत नाही, आणि झिणझिण एकदम स्वच्छ. तरी काही जणांना ती जास्त तिखट वाटते, त्यांना आम्ही बटर पेपरच सुचवतो, एका गाण्यापुरता लावा आणि फेकून द्या.

ताण हा वेगळाच विषय. आपल्याला वाटतं ढोलकीसारखा ताणला की छान वाजेल, तर तसं नाही, घट्ट ताणलेला पडदा गप्प बसतो. तो किंचित सैल हवा, मध्ये बारीक सुरकुत्या पाहिजेत. चिनी बासरीवर, डिझीवर, असाच एक पडदा चिकटवतात आणि तिथेही त्या सुरकुत्या मुद्दाम पाडतात. म्हणून आम्ही पडद्याला पितळेची आट्यांची रिंग केली, बाहेरून नर्लिंग, म्हणजे बारीक खरखरीत खाचा, त्यामुळे बोटाने फिरवता येते, आत एक रबरी ओ-रिंग. फिल्म ठेवा, रिंग फिरवा, अंगठ्याने मधोमध हलकेच दाबा, झालं. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, गोंद लागत नाही. ही रिंग शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरकडून करून घेतो आणि म्यूटच्या एकूण खर्चात तिचाच वाटा मोठा आहे, पण ती काढून टाकून स्वस्त करायचं माझ्या मनाला पटत नाही. वाजवणाऱ्याला ऐन शोच्या आधी ग्रीन रूममध्ये पडदा बदलता आला पाहिजे, घरातल्या घरात मिळेल त्या कागदाने. आमच्याकडे परत यायची वेळच येऊ नये, अशीच वस्तू मला विकायची आहे.

कॉर्कचंही सांगते. फटी मोठ्या ठेवल्या तर ट्रॉम्बोनचा साधा आवाज बाजूने निसटतो आणि झिणझिण त्याच्याखाली दबते. हार्मन म्यूटसारखं पूर्ण गोल कॉर्क लावून हवा कोंडली तर पडदा जोरात बोलतो, पण फुंकायला जड जातं आणि खालचे सूर डळमळतात, खालचा बी फ्लॅट तर जागेवर उभाच राहीना. मग गोल कॉर्कच लावून त्यात अरुंद खाचा पाडल्या. किती रुंद, हे आमच्या त्या गोव्याच्या सरांनी कानाने ठरवलं, मी कानस घेऊन बसलेले आणि ते वाजवून सांगणार, "अजून एक हात मारा, बास, आता नको." म्यूट लावला की सूर थोडा चढतो, पण ट्रॉम्बोनला स्लाइड असल्याने वाजवणारा ती जराशी बाहेर घेऊन जुळवतो, त्याबाबत ट्रम्पेटवाल्यांपेक्षा यांचं बरं. कॉर्क आम्ही थोडं जाड ठेवूनच देतो, प्रत्येकाच्या बेलचा गळा वेगळा, पॉलिश पेपरने घासून आपापलं बसवून घ्या असं पाकिटातल्या चिठ्ठीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं असतं.

धंद्याचं म्हणाल तर एकट्या बझ म्यूटवर गाळ्याचं भाडं निघत नाही, हे स्पष्ट सांगते. लग्नाच्या बँडला तो लागत नाही, तिथे मोकळ्या रस्त्यावर मोठा आवाज पाहिजे असतो. घेणारे म्हणजे जॅझ आणि बिग बँडवाले, म्युझिकल शोमध्ये वाजवणारे, गोव्यातले आणि मुंबईतले काही शिक्षक, रेकॉर्डिंगवाले, जे एका ठिकाणी विचित्र आवाज हवा म्हणून घेतात आणि मग पुढच्या कामालाही तोच काढतात. पण बझ म्यूटने आम्हाला दार उघडून दिलं. त्याच फॉर्म्यावर स्ट्रेट म्यूट निघाला, आणि मग प्रॅक्टिस म्यूट, जो खरा चालतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाने रात्री नऊला ट्रॉम्बोन काढला तर सोसायटीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रॅक्टिस म्यूट आतून फोमने भरलेला, आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही, आणि आईवडील स्वतः येऊन घेऊन जातात. आता आमच्या बिलावर मालाचा कोड, एचएसएन ९२०९, वाद्यांचे सुटे भाग, असं छापलेलं असतं, आणि बाबा ते बिल पाहुण्यांना दाखवतात.

लॅम्पशेड अजूनही करतो, कुणी जुन्या वाड्यासाठी किंवा हॉटेलसाठी मागितली तर. पण सकाळी पहिला लेथ म्यूटसाठी लागतो. मामांनी दोन मुलं तयार केली आहेत, त्यातला एक साबणाची रेघ आता मामांइतकीच बरोबर ओळखतो, आणि दुसऱ्याने पडदा लावायचा असा सराव केला आहे की रिंग फिरवतानाच सांगतो, हा बोलेल, हा नाही बोलणार. प्रत्येक म्यूट वाजवून बघितल्याशिवाय पॅक होत नाही, त्यासाठी आम्ही एक जुना ट्रॉम्बोन घेऊन ठेवलाय आणि त्या मुलाने तो शिकायला सुरुवात केली आहे.

सध्या बास ट्रॉम्बोनचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या ट्रॉम्बोनचा, फॉर्मा चालू आहे. त्याची बेल साडेनऊ इंचांच्या आसपास, गळा रुंद, आणि खालच्या सुरांना आमचा आत्ताचा पडदा पुरत नाही, म्हणून तळाला दोन रिंगा बसवून बघतोय, एकीत पॉलिस्टर आणि दुसरीत बटर पेपर. त्यासाठी वेगवेगळ्या बेल मोजायला हव्या आहेत. तुमच्याकडे बास ट्रॉम्बोन असेल आणि पुण्याला येणं होणार असेल तर तो घेऊन भोसरीला या, रविवार सोडून कधीही, मोजायला पाच मिनिटं लागतात आणि चहा होईपर्यंत दोन रिंगांचा म्यूट वाजवूनही बघता येईल.