फेलोशिपचा अर्ज लिहिताय? आधी पेशंट मोजा

लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट उभा केला: उत्पन्नाचा मोठा वाटा जगभरातल्या ल्युकेमिया-संशोधनासाठी, उरलेला भारतातल्या कामासाठी. पुढे 2008-09 पासून केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या इंडिया अलायन्सच्या संशोधन-फेलोशिप सुरू झाल्या. संशोधकाचं नाव झालेलं नसतं, कायम नोकरी नसते, तेव्हाच असा पैसा सर्वांत मोलाचा असतो. म्हणून तो कच्च्या अर्जापायी हुकला की फार वाईट वाटतं.

अर्ज बहुतेकदा अडतो तो वेळेच्या हिशोबात. समजा, टीबीच्या पेशंटांमध्ये मधुमेह किती, हे बघायचंय. अंदाजे प्रमाण 20 टक्के, चूक ±5 टक्के, 95 टक्के विश्वासपातळी धरली तर 246 पेशंट लागतात. नमुना खराब होणं, तपासणी अर्धवट राहणं यासाठी 20 टक्के गळती धरा: 246 भागिले 0.8, म्हणजे 308. आता ओपीडीचं रजिस्टर उघडा. आठवड्याला निकषात बसणारे सहा येत असतील आणि त्यातले निम्मे संमती देत असतील, तर 308 गाठायला 103 आठवडे लागतील. दोन वर्षं! तरी अर्जात 'पहिल्या वर्षात नमुने पूर्ण' असं बिनधास्त लिहिलेलं असतं, आणि परीक्षकाला तो भागाकार करायला मिनिटही लागत नाही.

त्यात सुरुवातीचे महिने वेगळे धरा. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. परदेशी संस्थेचा सहभाग किंवा पैसा असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधीच सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. नंतर केलेली चालत नाही. प्रोजेक्टवरच्या माणसाची जाहिरात, मुलाखत, रुजू होणं, यातही दोन-तीन महिने सहज जातात.

बजेटमध्ये किट एकदम मागवू नका, एक्स्पायरी आधी येते. पुरवठादाराकडून टप्प्याटप्प्याने डिलिव्हरी लिहून घ्या. पुढचा हप्ता बहुधा यूसी (आधीचा पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला) गेल्याशिवाय सुटत नाही, म्हणून अकाउंट्समधल्या माणसाला पहिल्याच महिन्यात भेटा.

आणि विभागप्रमुखांचं पत्र 'सर्व सहकार्य करू' एवढंच नको. आठवड्यातले कोणते दिवस तुम्ही ओपीडी आणि इमर्जन्सी ड्युटीतून मोकळे, आणि त्या दिवशी ड्युटी कोण करणार, हे त्यात लिहून घ्या.