मान उचलून दाखवा

ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू झाल्या, की सोलापुरातल्या आयसीयूंना ते लगेच कळतं. त्या संध्याकाळी नान्नजकडच्या एका द्राक्षबागेतून पस्तिशीचा गडी आला. पाठीवरचा पंप दुपारभर गळत होता म्हणे. "औषध लागलंय मॅडम," भाऊ सांगत होता. शिवारात विषालाही औषधच म्हणतात. हे होतं ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक.

तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी 48, छातीत दोन्हीकडे खळखळ. अंगात तोच ओला शर्ट आणि वरून सोलापुरी चादर गुंडाळलेली. मी अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, मागेपर्यंत सिस्टरनी कात्री चालवली होती. शर्ट, पँट, चादर सगळं बाजूला, आणि वॉर्डातल्या मामांनी साबणाच्या पाण्यानं केसांपासून नखांपर्यंत अंग धुतलं. कपडे अंगावर असेपर्यंत विष कातडीतून आत जातच राहतं.

अ‍ॅट्रोपिनची अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची. आधी पाच दिल्या, पाच मिनिटांनी दहा, मग वीस. नवखा डॉक्टर बाहुल्या मोठ्या झाल्या की हात आखडतो, नाडी धावायला लागली की घाबरतो. मीही कधीकाळी घाबरले आहे. पण कान ठेवायचा तो छातीवर, ती कोरडी होईपर्यंत. दोन इंटर्न नुसत्या अँप्युल फोडत होते, एकाचं बोट कापलं. रात्री दहाच्या सुमारास खळखळ थांबली, श्वासाची नळी टाकायची वेळ टळली, आणि अ‍ॅट्रोपिन थेंबाथेंबानं चालू ठेवलं. पाम (प्रॅलिडॉक्झिम) हे दुसरं उताऱ्याचं औषधही दिलं. त्याचा फायदा बारामतीच्या डॉक्टरांच्या 2006 च्या अभ्यासात दिसला होता, श्रीलंकेतल्या 2009 च्या अभ्यासात दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात उभा. "आता बरं हाय की ओ मॅडम, जनरलला हलवा." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. सॅच्युरेशन 97, बीपी छान.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "पाणी पाजताना मान धरावी लागतीय."

मी त्याला म्हटलं, मान उचलून दाखवा. हनुवटी हलली, डोकं उशीवरच. एका दमात आकडे मोजायला लावले. आदल्या दिवशी 26 पर्यंत गेला होता, आता 11. दुपारी 7.

या विषबाधेत एक मधला टप्पा येतो, साधारण एक ते चार दिवसांत. 1987 साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ असं नाव दिलं. मानेचे, खांद्यांचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. अ‍ॅट्रोपिनचा इथे काही उपयोग होत नाही. वर ऑक्सिजन चालू असला की सॅच्युरेशनचा आकडा शेवटपर्यंत गोड बोलत राहतो.

भावाला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. "बोलतंय, च्या पितंय, अन् मशीनवर घालायलाय?" मागून कोणीतरी म्हणालं, बिल वाढवायचं असंल. मला राग आला, पण त्यांनी असे अनुभव ऐकलेले असणार, हेही मला माहीत होतं. शेवटी भावालाच पलंगाशी नेलं. "तुम्ही सांगा त्याला मान उचलायला." त्यानं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज चिरकला. मग म्हणाला, "सही कुठं करू?"

नळी टाकताना भूलतज्ज्ञांनी स्कोलिनला, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या नेहमीच्या इंजेक्शनला, हात लावला नाही. या विषात ते शरीरात लवकर मोडतच नाही, माणूस तासन्‌तास लुळा पडून राहतो. पुढचे अकरा दिवस व्हेंटिलेटर, कफ ओढणं, कुशी बदलणं. रोज सकाळी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "उचला मान." नवव्या दिवशी डोकं उशीपासून बोटभर सुटलं. अकराव्या दिवशी सिस्टरनी वीस आकडे मोजेपर्यंत त्यानं धरून ठेवलं, आणि दुपारी नळी निघाली.

घरी जाताना बायकोनं मला गाठलं. "आमची चादर?"

केस पोलिसांत नोंदलेली, कपडे सीलबंद करून त्यांच्याकडे दिलेत, असं सांगितलं. शिवाय ती चादर आता वापरू नका, म्हटलं.

"पोलीस काय करणार ओ चादरीचं?" ती म्हणाली. "थंडी पडायलीय."