गेटवर मी खोटं बोलले

मी इंदूरला एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात टूर मॅनेजर आहे. कार्डावर मॅनेजर, बाकी खरं काम म्हणजे मोजणे. माणसं मोजायची, बॅगा मोजायच्या, आधारच्या झेरॉक्स मोजायच्या, रात्री झोपायच्या आधी परत एकदा माणसं मोजायची. आमचे ग्रुप बहुतेक आपलेच असतात, सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर इकडचे रिटायर्ड काका-काकू, ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत आणि ज्यांच्याकडे वेळ, थोडे पैसे आणि भरपूर सूचना असतात.

ही गोष्ट 2025 च्या मार्चमधली. होळी झालेली, रंगपंचमी बुधवारी होती आणि सगळ्या ग्रुपची एकच अट, बाकी काहीही करा, पण गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी आम्ही इंदुरात पाहिजे. (राजवाड्याच्या गर्दीत यांच्यातलं कोणी जात नाही, गॅलरीतून बघतात, पण शहरात असणं कम्पल्सरी.) म्हणून शनिवारी नर्मदा एक्सप्रेस, रविवारी उमरिया स्टेशन, तिथून ताला गाव, दोन सफाऱ्या आणि सोमवारी संध्याकाळी परत गाडीत, असा टाइट प्रोग्रॅम. जायचं होतं बांधवगडला, वाघांच्या जंगलात. अकरा जण आणि बारावी मी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, बरोब्बर दोन जिप्सी.

रविवार दुपारची सफारी मगधी झोनला होती आणि ती पूर्ण फ्लॉप गेली. चितळ, वानरं, मोर, एक कोल्हा आणि वाघाच्या पंजांचे ठसे. पंजे सुद्धा सकाळचे. रात्री जेवताना बँकेतून रिटायर झालेले एक काका मला म्हणाले, "अगं, पंजे बघायला एवढे पैसे?" मी हसले, पण पोटात गोळा आला, कारण आमच्या धंद्यात दुसरी सफारी पण कोरडी गेली की ट्रेनमध्ये रात्रभर तेच ऐकावं लागतं.

सोमवारी सकाळी खितौली गेट. अंधार होता, थंडी होती, सगळ्यांनी मफलर बांधलेले, आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी. ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर काकू, वय अठ्ठ्याहत्तर, कडक उपासवाल्या. चंद्र दिसेपर्यंत जेवण नाही, दिवसभर फक्त पाणी, चहा आणि फळ. रिसॉर्टवाल्यांनी बाकीच्यांना नाश्त्याचे डबे दिले होते, सँडविच आणि उकडलेली अंडी, ते काकूंना चालणार नाही म्हणून मीच आदल्या रात्री तालाच्या बाजारातून सहा केळी आणून ठेवली होती. ती त्यांच्या कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर, वरून शाल.

गेटवर रोस्टरने, म्हणजे पाळीप्रमाणे गाईड मिळतो, आपण निवडत नाही. आम्हाला मिळालेला माणूस जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, बारीक, फार न बोलणारा. त्याने कागद बघितले, आमच्या गाडीतली सहा डोकी मोजली (मला लगेच आपला वाटला) आणि विचारलं, "मैडम, फल-वल, गुड़, ऐसा कुछ तो नहीं है किसी के पास? इधर हाथी का मूवमेंट है." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी विचार केला, म्हातारी बाई, पहाटे साडेचारला उठलेली, पोटात फक्त अर्धा कप चहा, केळी काढून घेतली तर अकरापर्यंत चक्कर येऊन पडेल आणि मग ते कोणाच्या अंगावर येणार, माझ्याच. म्हटलं, "नहीं भैया, कुछ नहीं." तो एक सेकंद थांबला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

आता हत्तींबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की बांधवगडचे हत्ती म्हणजे फॉरेस्टचे पाळलेले, ज्यांच्यावर महावत बसून पेट्रोलिंग करतात. ते आहेतच. पण जंगली हत्ती तिथे वेगळे आहेत आणि नवीन आहेत. 2018 ला छत्तीसगडकडून चाळीसेक हत्तींचा कळप आला आणि परत गेलाच नाही. साल, बांबू, पाणी, सगळं मिळालं, राहिले. गाईड सांगत होता की आम्ही सगळे वाघाचे गाईड, वाघाचं सगळं पाठ, कुठून निघेल, कुठे बसेल, कोणाचा बच्चा आहे, आणि अचानक एक दिवस हे एवढे मोठे पाहुणे दारात. गावात कोणाला माहीतच नाही की यांच्याशी वागायचं कसं. लोक आधी हात जोडायचे, मग शेत गेलं की दगड मारायचे.

आमच्या गाडीत इतिहास शिकवलेल्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, नवीन कसले, अकबराच्या काळात आपल्या माळव्यात पण जंगली हत्ती होते, हंडिया, सातवास, बीजागड, ही नावं आईन-ए-अकबरीत आहेत. सातवास म्हणजे देवास जिल्ह्यातलं. आपल्या घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. बँकवाले काका म्हणाले, "मग तिथेच जायचं ना, स्वस्तात झालं असतं." सगळे हसले, गाईडला काही कळलं नाही, मी भाषांतर केलं तर तो पण हसला.

मग इतिहासवाल्या बाईंनीच ते विचारलं जे मी विचारणार नव्हते. "वो जो दस हाथी मरे थे, वो इधर ही ना?" गाडी एका नाल्यात उतरत होती. गाईड थोडा वेळ काही बोलला नाही, मग हाताने एक दिशा दाखवली. 2024 च्या ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर, याच खितौली रेंजमध्ये तेरा हत्तींचा एक कळप कोदोच्या, म्हणजे भगरीसारख्या बारीक धान्याच्या शेतात शिरला, पोटभर खाल्लं आणि तेरातले दहा तीन दिवसांत गेले. आधी सगळ्यांना वाटलं कोणीतरी विष घातलं, गावात चौकश्या, श्वानपथक, काय काय. मग बरेलीच्या लॅबचा रिपोर्ट आला की कोणी काही घातलेलं नाही, कोदोलाच बुरशी लागली होती, त्या बुरशीचं विष पोटात गेलं, सायक्लोपियाझोनिक ॲसिड असं त्याचं नाव. गाईड म्हणाला आमच्याकडे बापजाद्यांपासून माहीत आहे, ओल धरलेला कोदो खाल्ला की माणूस झिंगतो, गुरं झिंगतात, त्याला मतौना कोदो म्हणतात. पण माणूस खाणार मूठभर. हत्ती खाणार शेतच्या शेत. मग सरकारने आजूबाजूचा उभा कोदो नष्ट करायला लावला. "हमारा भी गया," एवढंच म्हणाला.

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या भगरीचं पण असंच असतं बाई. जुनी, ओल लागलेली भगर उपासाला खाल्ली की उलट्या, चक्कर. म्हणून मी घरी निवडून, धुऊन, वाळवून घेते." आणि मग मला, "त्याला सांग ना, त्या हत्तीणींना कोण निवडून देणार." मी ते नाही सांगितलं. हिंदीत ते बरोबर आलंच नसतं.

साधारण साडेसात वाजले असतील, ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं, खाली अजून गारवा, मोहाचा तो गोड आंबूस वास सगळीकडे. ड्रायव्हरने ब्रेक मारला. डाव्या हाताला रस्ता वळतो तिथे एक मोठं मोहाचं झाड आणि त्याखाली, आधी मला खडकच वाटले, मग एका खडकाने कान हलवला.

तीन माद्या, दोन पिल्लं. एक पिल्लू एवढंसं, आईच्या पोटाखाली आरामात मावेल असं. सोंडेने जमिनीवरची फुलं गोळा करत होत्या, एक एक फूल, एवढ्या मोठ्या जनावराने एवढं बारीक काम, जशा आपल्या आज्या अंगणातून पारिजातक वेचतात तशा. आणि आवाज काही नाही. पाच हत्ती आहेत आणि फक्त पाचोळा वाजतोय. पोटातून मधूनच एक घुरघुर यायची, तेवढीच.

गाईडने गाडी पार लांब थांबवली होती, साठ-सत्तर मीटर तरी, आणि इंजिन चालूच. मला आश्चर्य वाटलं, कारण आदल्या दिवशी नुसत्या पंजांपाशी सुद्धा इंजिन बंद केलं होतं. तर हळूच म्हणाला, "बाघ दिखे तो गाड़ी बंद, हाथी दिखे तो गाड़ी चालू." वाघ जिप्सीच्या बाजूने निघून जातो, त्याला घेणं देणं नाही. पिल्लू सोबत असलेली हत्तीण हिशोब वेगळा करते. नजर तिची कामचलाऊ, पण नाक असं की आपण विचार पण करू शकत नाही.

नाक म्हटल्यावर मला पिशवी आठवली पाहिजे होती. नाही आठवली. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, ऑफिसच्या पेजसाठी.

बँकवाले काका ड्रायव्हरच्या खांद्यावर थापटून, "भिया, थोड़ा आगे लो ना, इतने दूर से क्या दिखेगा." ड्रायव्हरने मान हलवली. तेवढ्यात मागून आमची दुसरी जिप्सी आली आणि एकदम आमच्या बंपरला चिकटून उभी राहिली, आणि त्या ड्रायव्हरने सवयीने इंजिन बंद केलं. आमच्या गाईडने मागे वळून हाताने खूण केली, मागे घे मागे घे, पण तिकडे सगळे उभे राहून फोटो काढत होते, कोणाचं लक्ष नाही.

आणि काकू उठल्या. शाल बाजूला, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, अथर्वशीर्ष चालू असणार, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत तो केळ्यांचा फणा. संकष्टीला साक्षात समोर, त्या बिचाऱ्या तरी काय करतील.

सगळ्यात मोठ्या हत्तिणीने खाणं थांबवलं. सोंड वर गेली, टोक आमच्याकडे वळलं, एस सारखं, आणि तिथेच थांबलं. मग कान उघडले. तोपर्यंत मला ती मोठी वाटत होती, कान उघडल्यावर ती मोठी झाली. लहानग्याला बाकीच्या दोघींनी मध्ये घेतलं, इतकं पटकन की मला हललेलं दिसलंच नाही, आधी दिसत होतं, मग नव्हतं.

गाईड आवाज न चढवता म्हणाला, "माताजी, बैठ जाइए. फेंकना मत. कुछ भी फेंकना मत." आणि ड्रायव्हरला, "पीछे." मागे कुठे, मागे दुसरी गाडी. तिचा ड्रायव्हर आता चावी फिरवतोय आणि ती घुर्र करून परत बंद. मी काकूंचा पदर धरून त्यांना खाली ओढलं, अक्षरशः ओढलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला. केळी मांडीवर पडली, वर मी माझं जॅकेट टाकलं, जणू जॅकेटने वास झाकला जाणार.

हत्तीण आली. धावत नाही म्हणता येणार, पण त्याला चालणं पण म्हणता येणार नाही. धूळ, फांदी मोडल्याचा आवाज, आणि मग ती एकदम थांबली, आमच्यापासून वीसेक मीटरवर, एक पुढचा पाय नुसता हलवत. कोणीतरी माझा दंड घट्ट धरला होता, नंतर बघितलं तर बँकवाले काका. दुसऱ्या गाडीचं इंजिन तिसऱ्यांदा लागलं. ती मागे, आम्ही तिच्या मागे मागे, रिव्हर्समध्ये, वळणावर, दोन्ही ड्रायव्हर मान पूर्ण फिरवून. हत्तीण तिथेच उभी राहिली, आमच्याकडे बघत, मग पाठ फिरवली. परत फुलं वेचायला गेली असेल, आम्हाला दिसलं नाही.

दहा मिनिटं कोणी बोललं नाही. नंतर अर्थात सगळे एकदम बोलायला लागले. काका म्हणाले, "मॉक चार्ज होता, नुसतं घाबरवायला, मला माहीत होतं."

गेटवर परत आल्यावर मी गाईडला बाजूला घेतलं आणि सांगितलं की केळी होती, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. मला वाटलं ओरडेल, तक्रार करेल, आमच्या ऑफिसचं नाव लिहून घेईल. तो म्हणाला, "मालूम था. गाड़ी में बैठते ही बास आई थी." मग बोललात का नाही? तर खांदे उडवून म्हणाला, माताजींचा उपास आहे हे गेटवर तुम्ही सगळे आपसात बोलत होता, संकष्टी शब्द कळला, मी पण म्हटलं जाऊ दे, लांब थांबवू, इंजिन चालू ठेवू. "गलती आधी मेरी भी है." आणि मग, पहिल्यांदाच थोडा चिडून, की फेकली असती तर आज आपण वाचलो असतो, पण उद्या ती जिप्सीला खाण्याचं दुकान समजली असती, आणि उद्याच्या गाडीत गाईड कोण असणार, मी नाहीतर माझा भाऊ.

मी त्याला टिप दिली, ती त्याने मोजली नाही.

संध्याकाळी ट्रेनमध्ये काकांनी अपेक्षेप्रमाणे विषय काढला. वाघ नाही दिसला, हत्ती धड पाच मिनिटं पण बघू दिले नाहीत, काहीतरी ॲडजस्ट करा. त्यांच्या मोबाइलमध्ये सगळा व्हिडिओ होता, हलणारा, आणि त्यात शेवटी त्यांचाच आवाज, "अरे पीछे लो, पीछे लो यार." तो त्यांनी डब्यात सगळ्यांना दाखवला, शेजारच्या कटनीवाल्या कुटुंबाला पण. व्हिडिओ काढत असताना माझा दंड कोणत्या हाताने धरला होता हे मला अजून कळलेलं नाही.

काकूंनी दिवसभर केळी खाल्ली नव्हती. दाखवलेला नैवेद्य आहे, म्हणे, चंद्र दिसल्यावरच. रात्री गाडी एका स्टेशनवर थांबली तेव्हा मी त्यांना हात धरून प्लॅटफॉर्मवर उतरवलं, शेडच्या टोकाशी जाऊन चंद्र दाखवला, परत चढवलं. मग त्यांनी ती सहा केळी काढली, काळी पडलेली, एक तर माझ्या ओढाताणीत पार चेपलेलं, आणि प्रत्येकाला अर्धं अर्धं वाटलं. बारा जण, बरोबर पुरली. काकांनी आपलं अर्धं केळं खाल्लं, साल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे त्या ॲडजस्टमेंटमध्ये धरू नको हं."